पोलीस वीरांची स्मृती जपताना : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : पोलीस स्मृतिदिन २१ ऑक्टोबरलाच का? शाळेत पाच मिनिटांत काय सांगावं?

लडाखमधल्या हॉट स्प्रिंग्जपासून सुरुवात करा. २० ऑक्टोबर १९५९ रोजी तिथून टेहळणीला पोलिसांच्या तीन तुकड्या निघाल्या. दोन परतल्या, तिसरी परतली नाही. दुसऱ्या दिवशी, २१ ऑक्टोबरला, अधिकारी करमसिंग यांच्या नेतृत्वाखाली तिच्या शोधात गेलेल्या जवानांवर चिनी सैन्याने टेकडीवरून गोळ्या झाडल्या, हातबॉम्ब फेकले. दहा जण धारातीर्थी पडले. त्यांचे मृतदेह हाती आले ते १३ नोव्हेंबरला, म्हणजे तेवीस दिवसांनी. हे मुलांना जरूर सांगा, त्यांना ते कळतं.

आदल्या वर्षीच्या १ सप्टेंबरपासून यंदाच्या ३१ ऑगस्टपर्यंत देशभरात कर्तव्यावर प्राण गमावलेल्या पोलिसांची नावं या दिवशी संचलनात वाचली जातात. शाळेत निदान महाराष्ट्रातली सगळी वाचा. वेळ कमी असेल तर भाषणं कमी करा.

प्रश्न : गावात तुकाराम ओंबळे यांचा अर्धपुतळा आणि शिलालेख करायचा आहे. काय काळजी घ्यावी?

आधी घरच्यांची संमती घ्या आणि फोटो त्यांच्याकडूनच मागा. मग जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी आणि मातीच्या नमुन्याला कला संचालनालयाची मान्यता. हे व्हायच्या आत मूर्तिकाराला ओतकामाचे पैसे देऊ नका.

सर्वाधिक चुका गणवेशात होतात. ओंबळे सहायक पोलीस उपनिरीक्षक होते. त्या पदाला खांद्यावर एक तारा आणि लाल-निळी फीत. पुतळा उठून दिसावा म्हणून दोन तारे लावले, तर ते उपनिरीक्षकाचं पद होतं. मातीचा नमुना पाहायला एखाद्या निवृत्त फौजदारांना सोबत न्या. ओतकाम झाल्यावर दुरुस्ती महागात जाते.

मजकूर थोडा ठेवा : ‘तुकाराम गोपाळ ओंबळे, सहायक पोलीस उपनिरीक्षक, अशोकचक्र (मरणोत्तर)’, मूळ गाव केडंबे, तालुका जावळी, आणि प्रसंग दोन ओळींत. गिरगाव चौपाटीच्या नाकाबंदीत हाती फक्त लाठी असताना त्यांनी कसाबच्या एके-४७ची नळी धरून ठेवली. गोळ्या पोटात गेल्या तरी पकड सुटली नाही, म्हणून सहकाऱ्यांना त्याला जिवंत पकडता आलं. तारखेकडे नीट लक्ष द्या : मुंबईवरचा हल्ला २६ नोव्हेंबर २००८ चा, चौपाटीवरचा प्रसंग मात्र मध्यरात्र उलटल्यावरचा.

दगड काळा ग्रॅनाइट घ्या. नावाची अक्षरं तीन इंच, बाकीची किमान एक इंच ठेवा. त्याहून लहान अक्षरांत जोडाक्षरं आणि रफार कोरताना ढलपे उडतात. कोरीव खोली तीन-चार मिलिमीटर हवी, कारण सोनेरी रंग दोन-तीन पावसाळ्यांत निघतो आणि उथळ अक्षरं मग वाचता येत नाहीत. चिकटवलेली पितळी अक्षरं चोरीला जातात. फरशी नुसत्या सिमेंटवर बसवू नका, चारही कोपऱ्यांत स्टेनलेस स्टीलच्या पिना द्या. नंतर पुसायला साधं पाणी आणि मऊ कापड पुरे, ॲसिडने चकाकी जाते.

प्रश्न : अनावरणाला पुतळ्यावर तिरंगा घालतात. स्मृतिदिनी ग्रामपंचायतीचा ध्वज अर्ध्यावर उतरवावा का?

दोन्ही नको. पुतळा किंवा स्मारक झाकायला राष्ट्रध्वज वापरण्यास ध्वजसंहितेची मनाई आहे. त्यासाठी साधं एकरंगी कापड घ्या. ध्वज अर्ध्यावर आणायचा तो सरकारी आदेश असेल तेव्हाच, आणि तेव्हाही आधी टोकापर्यंत चढवून मग खाली आणतात. संध्याकाळी उतरवण्यापूर्वी पुन्हा टोकापर्यंत नेतात.

शासकीय इतमामात अंत्यसंस्कार असतील तर पार्थिवावरच्या ध्वजाची केशरी पट्टी डोक्याकडे असते. अग्नी देण्यापूर्वी ध्वज काढून घेतात.

प्रश्न : आमच्याकडे बिगुल नाही, पोलीस तुकडीही नाही. मानवंदना कशी द्यावी?

पोलिसांच्या कार्यक्रमात ‘शोकशस्त्र’ या हुकमावर बंदुकीची नळी खाली येते, बिगुलावर लास्ट पोस्ट ही शोकधून वाजते, मग दोन मिनिटं स्तब्धता. तुम्ही लाकडी बंदुका आणू नका. नाव, पद आणि तारीख वाचा, एकाला घड्याळ धरायला लावून पूर्ण दोन मिनिटं उभे राहा, मग पुष्पचक्र वाहा. पहिलं पुष्पचक्र कुटुंबाच्या हातून असू द्या, पुढारी नंतर. ध्वनिक्षेपक स्तब्धतेपूर्वीच बंद करा. बहुतेक ठिकाणी त्याची शिट्टी नेमकी तेव्हाच वाजते.