हवा आहे एकच बिंदू

प्रिय पोरी,
अनेक आशीर्वाद. कापूस वेचणीची घाई आहे, म्हणून उत्तराला उशीर झाला.

तू पत्रात चौकोनाचं गणित विचारलंस: तीन बाजू शून्यावर, चौथी १०० व्होल्टवर, तर मध्यावर विभव (विजेची पातळी, व्होल्टमध्ये) किती? आणि चौकोनावर जाळी आखून तिच्या एकेक बिंदूच्या सरासऱ्या काढून तू दमलीस. अगं, तुला विभव हवं होतं फक्त मधल्या बिंदूचं! मग वावरभर कशाला फिरायचं?

चौकटीच्या वहीत १० बाय १० घरांचा चौकोन आख. मधल्या छेदावर एक सरकी ठेव. दर पावलाला दोन नाणी उडव आणि सरकी एक घर सरकव: रुपयाचं नाणं ठरवेल उभं की आडवं, पाचाचं ठरवेल पुढे की मागे. चंगाष्ट्याचे चिंचोके घेऊ नकोस. ते दोन्ही बाजूंनी सारखे पडतातच असं नाही, आणि इथे चारही दिशांना सारखी संधी लागते. सरकी धुऱ्याला, म्हणजे चौकोनाच्या कडेला, लागली की फेरी संपली. सरासरी तीसेक पावलं लागतात. १०० व्होल्टचा धुरा लागला तर १०० मांड, नाहीतर शून्य. सगळ्या फेऱ्यांची सरासरी म्हणजे विभव.

हे का जमतं, ते नीट समजून घे. जिथे विद्युत प्रभार (चार्ज) नाही तिथे बिंदूचं विभव शेजारच्या चौघांची सरासरी असतं. सरकी १०० च्या धुऱ्याला लागण्याची शक्यताही तशीच चौघांच्या शक्यतांची सरासरी, कारण पहिलं पाऊल त्या चौघांपैकीच एकावर पडतं. नियम एक, धुरे तेच, म्हणून उत्तरही एकच. गणितज्ञ काकुतानींनी १९४४ मध्ये हेच नातं ब्राउनियन भटकंतीसाठी, म्हणजे घरं न मोजता सलग होणाऱ्या यादृच्छिक भटकंतीसाठी, दाखवलं.

मी पहिल्यांदा २० फेऱ्या केल्या, ८ वेळा १०० आले. म्हणजे ४० व्होल्ट! रीतच चुकीची म्हणून वही मिटली होती. खरं उत्तर २५: १०० ची बाजू दर वेळी बदलत चौकोन चारदा फिरवून बेरीज केली तर चारही बाजू १०० वर, म्हणून मध्यावर १०० येतात, आणि चौघांचा वाटा सारखा. चूक रीतीची नव्हती, माझ्या उतावीळपणाची होती. १०० फेऱ्यांत साधारण ४.३ व्होल्टचा फरक पडतोच, १०,००० फेऱ्यांत ०.४३ चा. फरक निम्मा करायचा तर फेऱ्या चौपट.

वेड्यावाकड्या आकारासाठी म्युलर या संशोधकाची १९५६ ची युक्ती बघ: बिंदूभोवती मावेल तेवढं मोठं वर्तुळ काढायचं आणि थेट परिघावर कुठेही उडी घ्यायची. पण ते नंतर. आधी हातानं ५० फेऱ्या कर, मग संगणकाला सांग. संक्रांतीला येशील तेव्हा ती वही आण.

तुझे सर