मोका पॉटची पहिली कॉफी

पहिली कॉफी कडू झाली म्हणून भांड्याला दोष देऊ नकोस. मोका पॉट म्हणजे खाली पाणी, मधल्या चाळणीत पूड आणि वर तयार कॉफी, असं गॅसवर ठेवायचं भांडं. 1933 साली इटलीत आलेलं हे भांडं आजही तसंच आहे. चुकतो आपला गॅस.

सुरुवातीला एवढंच सांभाळ:

- पाणी खालच्या भांड्यातल्या व्हॉल्व्हच्या खालीच. आधी गरम करून ओतलंस तर पूड उगाच भाजत बसत नाही. मात्र वरचा भाग फिरवून बसवताना खालचा भाग फडक्याने धर, मी एकदा बोटं पोळून घेतली आहेत.
- पूड बारीक रव्याइतकी. चाळणी काठोकाठ भर, पण चमच्याने दाबू नकोस. नवखे हमखास इथेच चुकतात.
- सगळ्यात लहान बर्नर, मंद आच. झाकण उघडं ठेवून बघत राहा. मधासारखी धार फिकट होऊन फुरफुर सुरू झाली की लगेच उतरव. शेवटचा थेंब काढायच्या हट्टात सगळा कडवटपणा कपात येतो.

चिकोरी (एका मुळाची भाजलेली पूड) मिसळलेली फिल्टर कॉफीची पूड सध्या नको, खरी चव कळणार नाही. आणि तीन कपांच्या भांड्यात एका कपापुरती कॉफी करायला जाऊ नकोस, ती पाणचटच होते.

वजनकाटा, ग्राइंडर वगैरे महिनाभराने बोलू.