सरासरी ४.२ मिलीसेकंद ठीक, पण मोजलंयस काय?

तुझा प्रश्न थोडक्यात असा आहे ना, की पाच रास्पबेरी पाय ४ (तळहाताएवढे कॉम्प्युटर) जोडून त्यावर स्वतः लिहिलेला राफ्टवाला (राफ्ट म्हणजे बहुमताने एक लीडर निवडून सगळ्या मशीनवर एकच नोंद ठेवायची पद्धत) की-व्हॅल्यू स्टोअर, म्हणजे नाव दिलं की त्याची किंमत परत देणारा साधा डेटाबेस, चालवलास, रिपोर्टमध्ये 'सरासरी लेटन्सी (उत्तर यायला लागणारा वेळ) ४.२ मिलीसेकंद, थ्रूपुट (निपटलेलं काम) सेकंदाला २३८ रिक्वेस्ट' लिहिलंस, आणि गाइड म्हणाले हे परफॉर्मन्स इव्हॅल्युएशन नाही, परत करून आण. अरे-तुरे करतोय, राग मानू नकोस, पण गाइडचं बरोबर आहे.

आधी एक गंमत बघ. १००० ला ४.२ ने भाग. २३८ येतं. म्हणजे तुझे आकडे दोन नाहीतच, एकच आकडा दोनदा लिहिलायस. तुझी स्क्रिप्ट एक रिक्वेस्ट पाठवते, उत्तर येईपर्यंत गप्प बसते, मग पुढची पाठवते, बरोबर? लिटल्स लॉ शिकलाच असशील: आत असलेल्या रिक्वेस्ट म्हणजे येण्याचा वेग गुणिले प्रत्येकीने आत काढलेला वेळ. तुझ्याकडे २३८ गुणिले ०.००४२, म्हणजे एक. दुकान किती गर्दी झेपवतं ते बघायचं होतं आणि तू दारात एकच गिऱ्हाईक उभं केलंस. क्लायंट, म्हणजे एकाच वेळी रिक्वेस्ट पाठवणारे, १, २, ४, ८ असे वाढवत जा, थ्रूपुट वाढायचं थांबतं आणि लेटन्सी एकदम वर उडते तो गुडघा ग्राफवर दिसला पाहिजे.

पण क्लायंट वाढवूनही एक चूक राहतेच आणि ती जास्त फसवी आहे, मीही वर्षानुवर्षं करत होतो. समज दर १० मिलीसेकंदाला एक, अशा १०० सेकंदांत १०,००० रिक्वेस्ट पाठवायच्यात, एरवी प्रत्येकीला १ मिलीसेकंद लागतो, आणि मध्येच सर्व्हर १० सेकंद गोठला. तुझी स्क्रिप्ट उत्तराची वाट बघत बसलेली, त्यामुळे त्या १० सेकंदांत तिने पाठवली एकच रिक्वेस्ट, म्हणजे नोंद झाली ९,००० चांगल्या आणि एक वाईट. सरासरी जेमतेम २ मिलीसेकंद, ९९ वा पर्सेंटाइल (शंभरातल्या ९९ रिक्वेस्ट ज्या वेळाच्या आत होतात तो) १ मिलीसेकंद, सगळं गोड. खरे युजर असते तर ते काही थांबले नसते, त्या वेळात १,००० जण आले असते आणि पहिल्याला १० सेकंद, शेवटच्याला जवळपास शून्य असं ताटकळायला लागलं असतं. मग सरासरी अर्धा सेकंद आणि ९९ वा पर्सेंटाइल ९ सेकंद! सर्व्हर तोच, गोठणं तेच. याला कोऑर्डिनेटेड ओमिशन म्हणतात, हे नाव गिल टेने या इंजिनिअरने दिलंय. उपाय सोपा आहे, रिक्वेस्ट ठरल्या वेळी सुटली पाहिजे, आधीचीचं उत्तर येवो न येवो, आणि घड्याळ चालू करायचं ते 'सुटायला हवी होती' त्या क्षणापासून, सुटली तेव्हापासून नाही. डब्ल्यूआरके२ हे लोड सोडणारं टूल हेच करतं, पण ते एचटीटीपीसाठी आहे, तुझा प्रोटोकॉल वेगळा असेल तर तीस-चाळीस ओळींत स्वतःचं लिही.

सरासरी म्हणजे झाकली मूठ. झेरॉक्स कंपनीच्या पार्क या संशोधन केंद्रातलं प्रयोगातलं इथरनेट (मशीन जोडणारं तारेचं नेटवर्क), २.९४ मेगाबिटचं, सव्वाशेच्या आसपास मशीन जोडलेली, ते शॉक आणि हप या संशोधकांनी मोजून १९८० मध्ये पेपर लिहिला. पूर्ण दिवसाचा लोड, म्हणजे वायरच्या क्षमतेपैकी किती वापरली ते, काढला तर एक टक्काही नाही. तेवढंच छापलं असतं तर लोक म्हणाले असते, एवढी वायर कशाला टाकली? पण त्यांनी सर्वात गर्दीचा तास, मिनिट आणि सेकंद वेगळे काढले आणि त्या सर्वात वाईट सेकंदाला लोड होता ३७ टक्के. वर त्यांनी मुद्दाम खोटा ट्रॅफिक सोडून वायर तुंबवूनही बघितली, कारण रोजच्या वापरात ती कधी तुंबतच नव्हती. तुझ्या रिपोर्टला हाच नमुना घे, जुना आहे पण अजून चालतो.

आता माझी फजिती सांगतो. खूप वर्षांपूर्वी एका कंपनीत आमची एक सर्व्हिस सरासरी ११ मिलीसेकंद दाखवायची आणि आम्ही महिनाभर कोड घासत बसलो, कॅशे लाव, लॉक काढ, काही म्हणून हलेना. शेवटी एकाने कंटाळून हिस्टोग्राम (किती रिक्वेस्टना किती वेळ लागला त्याचा ग्राफ) काढला तर दोन डोंगर: तीन चतुर्थांश रिक्वेस्ट १ मिलीसेकंदाला, उरलेल्या ४१ ला. ११ मिलीसेकंदाची रिक्वेस्ट एकही नव्हती!! ४० चा फरक इतका नेटका दिसला की नेटवर्कवाला बघूनच हसला. काही रिक्वेस्टमध्ये हेडर एका राइटने आणि बॉडी दुसऱ्या राइटने जायची, नेगल अल्गोरिदम दुसरा छोटा तुकडा पहिल्याची पोच येईपर्यंत धरून ठेवायचा आणि पलीकडचं लिनक्स पोच द्यायला ४० मिलीसेकंद थांबायचं, दोघंही एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसलेले. टीसीपी-नोडिले (नेगल बंद करणारं सेटिंग) लावलं, दुसरा डोंगर गायब. तुझ्या कोडमध्ये ते लावलंयस का बघ.

तुझ्या सेटअपबद्दल. मला खटकलं ते हे, की एसडी कार्डवर एफसिंक करून (डेटा खरंच कार्डावर उतरेपर्यंत थांबून), पाचातल्या तीन नोड्सकडे (मशीनकडे) लॉग, म्हणजे नोंदींची यादी, पक्का होऊन ४.२ मिलीसेकंदात उत्तर येतंय? माझी शंका अशी की तू एफसिंक करतच नाहीयेस. नसशील करत तर तसं स्पष्ट लिही किंवा दोन्ही आकडे दे, नाहीतर व्हायव्हात पहिला प्रश्न तोच येईल. आणखी एक, बहुमताला लीडर धरून तीनच लागतात, म्हणजे सगळ्यात हळू दोन नोड्स तुझ्या आकड्यात दिसतच नाहीत, त्यातला एक मेलेला असला तरी कळणार नाही. म्हणून चालू लोडमध्ये लीडरची वायर उपट आणि नवा लीडर निवडून येईपर्यंत थ्रूपुटला किती मिलीसेकंदांचं भोक पडतं ते ग्राफवर दाखव. राफ्टवाल्या प्रोजेक्टमध्ये मला तरी बाकी कशापेक्षा तोच ग्राफ बघायचा असतो.

लोड सोडणारं मशीन वेगळं ठेव, त्याच पायवरून सोडलंस तर दोघं एकाच सीपीयूसाठी भांडतील. कोरी लाइन आधी आयपर्फ३ या नेटवर्कचा वेग मोजणाऱ्या टूलने तपास, पाय ४ ला ९४० मेगाबिटच्या आसपास मिळायला हवेत, ९४ मिळाले तर केबल किंवा स्विच १०० वाला आहे. एका पायवरून दुसऱ्यावर जायला किती वेळ लागला हे दोन घड्याळांच्या वजाबाकीने काढू नकोस, पाय ४ मध्ये बॅटरीवालं घड्याळच नसतं, गेला-आला वेळ एकाच मशीनवर मोज.

आणि तू टाकलेल्या फोटोत मोबाईलचे चार्जर लावलेले दिसतायत. पाय ४ ला ५.१ व्होल्ट ३ अँपियर लागतात, व्होल्टेज पडलं की तो गुपचूप स्पीड कमी करतो, ८० डिग्रीच्या पुढे तापला तरी तेच. प्रत्येक रननंतर पायवरच्या व्हीसीजेनकमांड या कमांडने गेट-थ्रॉटल्ड (स्पीड कमी केला होता का) विचार, उत्तर शून्य नसेल तर तो रन सरळ फेकून दे. उद्या आधी ते चार्जर बदल, मग नवा हिस्टोग्राम इथेच टाक, बघू किती डोंगर निघतात.