वाचक विचारतात : ‘मिस मॅनर्स’ नावाच्या बातमीदार

प्रश्न : अमेरिकी वर्तमानपत्रांत शिष्टाचाराचा सल्ला देणाऱ्या ‘मिस मॅनर्स’ खऱ्या आहेत की काल्पनिक? आणि असा सल्ला द्यायचा अधिकार त्यांना कशामुळे मिळाला?

उत्तर : नाव घेतलेलं आहे, बाई खऱ्या आहेत. ज्युडिथ मार्टिन यांचा जन्म १९३८ साली वॉशिंग्टनमध्ये झाला. १९५९ मध्ये वेलस्ली कॉलेजातून त्या पदवीधर झाल्या आणि ‘वॉशिंग्टन पोस्ट’मध्ये त्यांनी सुमारे पंचवीस वर्षं काढली. सुरुवात अगदी खालून, कागद या टेबलावरून त्या टेबलावर पोचवण्याच्या कामापासून. पुढे व्हाइट हाउस आणि परदेशी वकिलातींमधले समारंभ त्यांच्याकडे आले. ही बातमीदारी तेव्हा ‘बायकांच्या पानां’वर छापली जाई. १९६९ मध्ये ‘पोस्ट’ने ती पानं बंद करून ‘स्टाइल’ हा विभाग काढला, त्यातल्या पहिल्या लेखकांत मार्टिन होत्या. नंतर त्यांनी नाटक-सिनेमांची परीक्षणंही लिहिली. शिष्टाचाराचं सदर सुरू झालं १९७८ मध्ये.

अधिकार कशाचा म्हणाल, तर बघण्याचा. मेजवानीची बातमी देणाऱ्याला कोण कोणाशेजारी बसलं, कोणाला आधी वाढलं, कोणी कोणाला टाळलं हे टिपावंच लागतं. आणि नियम मोडला की नेमकं काय बिनसतं ते डोळ्यांसमोर दिसतं. ‘असं करू नये’ एवढ्यावर न थांबता ‘असं केलं की समोरचा काय करतो’ हे त्या लिहितात, ते या सवयीतून. सदरात त्या स्वतःबद्दल ‘मिस मॅनर्सना वाटतं की…’ असं तृतीयपुरुषात बोलतात. जुन्या घराण्यातल्या करारी बाईंचा हा आव मुद्दाम आणलेला आहे. तो शब्दशः खरा मानला की त्यांचा विनोद हातून निसटतो.

प्रश्न : राष्ट्राध्यक्षांच्या मुलीच्या लग्नात त्यांना प्रवेश नाकारला होता म्हणे?

उत्तर : हो. रिचर्ड निक्सन यांची मुलगी ट्रिशिया हिचं लग्न जून १९७१ मध्ये व्हाइट हाउसच्या रोझ गार्डनमध्ये झालं, त्याच्या वार्तांकनाला मार्टिन यांना मज्जाव करण्यात आला. त्यांचं आधीचं तिखट लिखाण निक्सन कुटुंबाला रुचलं नव्हतं. पुढे सभ्यपणाच्या धड्यांसाठी गाजलेल्या लेखिकेच्या नावावर हा प्रसंग असावा, हे गमतीचं खरं. पण त्यात विसंगती शोधू नये. बातमीदाराचं काम यजमानाला खूश ठेवणं नव्हे.

प्रश्न : सगळे नागरिक समान असतील, तर मानपानाचे नियम हवेतच कशाला?

उत्तर : हा प्रश्न मार्टिन यांचा आवडता. १९८५ च्या त्यांच्या एका छोट्या पुस्तकाच्या उपशीर्षकातच ‘ज्या प्रश्नाने जेफरसन यांना चक्रावून सोडलं’ तो आपण सोडवणार, असा दावा आहे. प्रसंग १८०३ चा. राष्ट्राध्यक्ष थॉमस जेफरसन यांना युरोपातल्या दरबारी मानाचा क्रम नको होता. डिसेंबरमध्ये ब्रिटनचे राजदूत अँथनी मेरी सपत्नीक जेवायला आले. आपल्या पत्नीला यजमान स्वतः जेवणघरात नेतील, अशी मेरी यांची अपेक्षा. जेफरसन यांनी हात पुढे केला तो परराष्ट्रमंत्र्यांच्या पत्नी डॉली मॅडिसन यांच्यासाठी. खुर्च्या ठरलेल्या नव्हत्या. मेरी स्पॅनिश राजदूताच्या पत्नीशेजारी बसायला गेले, तर अमेरिकी संसदेचा एक सदस्य त्यांना ओलांडून त्या खुर्चीत जाऊन बसला. हा जाणूनबुजून केलेला अपमान आहे असं मेरी यांनी धरलं, आणि पुढची आमंत्रणं नाकारली.

नियम काढून टाकल्यावर समता आली नाही, धक्काबुक्की आली. जागा जन्मावरून ठरू नये हे बरोबरच होतं. पण मग कशावरून ठरावी, हे पाहुण्यांना आधी कळायला हवं होतं. मार्टिन यांचं म्हणणं साधारण असं, की दुसऱ्याचा मान राखण्याचं तत्त्व बदलत नाही, बदलतात ते त्या त्या काळाचे नियम. आणि लोकशाहीला आपले नियम स्वतः घडवावे लागतात. आमच्या मते त्यांच्या सगळ्या लिखाणातला सर्वांत भक्कम भाग हाच.

प्रश्न : आमंत्रण नाकारताना कारण द्यावं की नाही?

उत्तर : मिस मॅनर्सच्या मते नाही, आणि आम्हालाही ते पटतं. दोन वाक्यं पुरतात. पहिलं आभाराचं : ‘आठवणीने बोलावलंत, बरं वाटलं.’ दुसरं नकाराचं : ‘पण मला येता येणार नाही, वाईट वाटतंय.’ इथे थांबायचं. चूक होते ती तिसऱ्या वाक्यात. ‘मुलाला सांभाळायला कोणी नाही’ म्हटलं की ‘त्यालाही आणा’ येतं. ‘त्या दिवशी काम आहे’ म्हटलं की तारीख बदलते. कारण दिलं की समोरच्याला वाटतं, आपण अडचण सोडवायची आहे. त्यातून कारण खोटं असेल तर ते पुढे लक्षात ठेवण्याचं ओझं वेगळंच. कोणी ‘का पण?’ म्हणून खोदलं, तर नवं वाक्य शोधू नका, दुसरंच पुन्हा म्हणा, त्याच सुरात. आवाज चढला तर नकार भांडण होतो, आणि फार मऊ पडला तर होकाराची आशा उरते.

प्रश्न : अमेरिकेतल्या औपचारिक छापील निमंत्रणाला उत्तर कसं लिहितात?

उत्तर : साध्या पांढऱ्या किंवा मोतिया कागदावर, हाताने, शाईने. निमंत्रण तृतीयपुरुषात असेल तर उत्तरही तृतीयपुरुषात : अमुक दांपत्य तमुक दांपत्याचं निमंत्रण आनंदाने स्वीकारत आहे. ओळी निमंत्रणाप्रमाणेच मधोमध. खाली सही नाही, कारण नाव मजकुरात आलेलंच असतं. होकारात वार, तारीख आणि वेळ तिन्ही पुन्हा लिहायची, म्हणजे पाहुण्याने चुकीचं वाचलं असेल तर यजमानाला वेळीच कळतं. नकारात तारीख पुरे; जो येणारच नाही त्याला वेळ कशाला?

हमखास होणारी चूक म्हणजे तृतीयपुरुषात सुरुवात करून शेवटी ‘भेटूच मग!’ लिहिणं. दुसरी त्याहून वाईट : पाकिटावर नसलेल्या माणसाला आणण्याची परवानगी मागणं. नावं ज्यांची, निमंत्रण त्यांनाच.

प्रश्न : टेबलावर इतके काटे मांडलेले असतात. सुरुवात कुठून करायची?

उत्तर : बाहेरून आत. काटे डावीकडे, सुऱ्या उजवीकडे, पात्याची धार ताटाकडे. उजवीकडे काटा दिसलाच तर तो कालवांचा. कालवं आलीच नाहीत आणि तो काटा तसाच पडून राहिला, तर मांडणाऱ्याची चूक झालेली आहे, तुमची नाही.