डिग्री कॉलेजात शिकवलेलं सगळ्या मुलांपर्यंत पोहोचावं यासाठी एकटा शिक्षक काय करू शकतो?

तुम्ही लिहिलंय की नवी मुंबईतल्या एका कॉलेजात एफवायबीकॉमला तासिका तत्त्वावर अर्थशास्त्र शिकवता. वर्गात शंभरावर मुलं, बरीचशी मराठी माध्यमातून आलेली, काही जण कामावरून थेट लेक्चरला येतात, एक मुलगा दृष्टिहीन आहे. शिकवताना सगळे माना डोलावतात आणि पेपरात काहीच उतरत नाही. कॉलेजकडून पैसा मिळणार नाही आणि पुढच्या वर्षी तुम्ही तिथे असाल की नाही याचीही खात्री नाही. मी ठाण्यात हाच विषय बरीच वर्षं शिकवतोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

जे नुसतं सांगायचं आहे ते वर्गाबाहेर, लेखी, कुणालाही केव्हाही मिळेल असं ठेवा. वर्गातली ४८ मिनिटं मुलांकडून विचार करून घेण्यासाठी वापरा. आज बहुतेक ठिकाणी उलट चालतं. व्याख्या, प्रकार, गुण-दोष हे सगळं वर्गात डिक्टेट होतं आणि विचार करायचं काम परीक्षेच्या आदल्या रात्री गाइड उघडून मुलांनी एकट्यानं करायचं असतं. त्यात सगळ्यात जास्त मार बसतो तो आसनगावहून येणाऱ्या, ठाण्याहून नवी मुंबईला जाणारी ट्रान्सहार्बर लोकल चुकली की पहिलं लेक्चर बुडणाऱ्या मुलाला. त्याचं फक्त लेक्चर बुडत नाही, ते प्रकरणच बुडतं.

आधी नोट्सचं बघू, कारण तिथे थोड्या कष्टात खूप काही सुधारतं. बहुतेक मुलांकडे लॅपटॉप नसतो, फोन असतो. त्यामुळे दोन रकान्यांचं ए-फोर पान किंवा साठ स्लाइडचं पीपीटी नको. एका लेक्चरचा सलग मजकूर, मोठी अक्षरं, छोटे परिच्छेद, एवढं पुरतं. तासाभराच्या व्हिडिओला दिवसाच्या डेटातला मोठा वाटा जातो, मजकुराला जवळजवळ काहीच नाही. शक्य असेल तर त्याच मजकुराचं दहा मिनिटांचं रेकॉर्डिंग आपल्या आवाजात करून ग्रुपवर टाका. गाडीत उभं राहून ऐकणारी मुलं वाटतात त्यापेक्षा जास्त असतात.

आता सगळ्यात महत्त्वाचं. तुमच्या दृष्टिहीन विद्यार्थ्याच्या फोनमध्ये मजकूर वाचून दाखवणारं टॉकबॅक असेलच, आणि संगणकावर तेच काम करणारं एनव्हीडीए हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं. दोन्ही मराठी वाचू शकतात. पण मराठीतल्या कितीतरी जुन्या पीडीएफ श्रीलिपी, कृतिदेव अशा युनिकोड (सगळ्या यंत्रांना वाचता येणारी अक्षरांची एकसमान पद्धत) नसलेल्या फॉन्टमध्ये बनवलेल्या आहेत. डोळ्यांना तिथे ‘मागणीचा नियम’ दिसतो, यंत्राला मात्र ती निरर्थक चिन्हांची माळ असते. हे ओळखणं सोपं आहे. पीडीएफमधली एक ओळ कॉपी करून व्हॉट्सअ‍ॅपमध्ये पेस्ट करा. अगम्य काहीतरी उमटलं तर त्या मुलालाही तेच ऐकू येणार. ओळ सिलेक्टच होत नसेल तर ती फाइल म्हणजे फोटो आहे, त्यात वाचण्यासारखं अक्षरच नाही. वहीच्या पानांचे फोटो काढून केलेल्या नोट्सचंही तेच. युनिकोडमध्ये टाइप करा, किंवा फोनला मराठीत बोलून लिहून घ्या आणि चुका दुरुस्त करा. एकदाच करायचं काम आहे. आणि ते फक्त त्या एका मुलासाठी राहत नाही. असा मजकूर शोधता येतो, मोठा करता येतो, भाषांतर करणाऱ्या अ‍ॅपमध्ये टाकता येतो. वर्गातल्या प्रत्येकाला तो उपयोगी पडतो.

फळ्यावरच्या आलेखाचंही असंच. ‘हे बघा, हे असं इकडून खाली येतं’ या वाक्यातून त्याला काहीच मिळत नाही, आणि खरं सांगायचं तर शेवटच्या बाकावरच्यांनाही फारसं मिळत नाही. तोंडानं पूर्ण सांगायची सवय लावा: उभ्या अक्षावर किंमत, आडव्या अक्षावर नगसंख्या, रेषा डावीकडून उजवीकडे उतरत जाते, कारण किंमत कमी झाली की लोक जास्त घेतात. त्या मुलासाठी जाड पुठ्ठ्यावर फेव्हिकॉलनं सुतळी चिकटवून हाच आलेख, म्हणजे मागणी वक्र, करा. दोन अक्षांना जाड सुतळी, वक्राला बारीक. दुसरा वक्र हलवून दाखवायचा असेल तर त्याला सुटा दोरा आणि दोन टाचण्या. तो बोटांनी वक्र सरकवून बघतो तेव्हा शेजारचे दोघे-तिघेही वाकून बघतात, कारण फळ्यावर खडूनं काढलेला वक्र कधी सरकत नाही, इथे तो खरोखर सरकतो.

त्याच्या हक्कांबद्दल कॉलेजच्या ऑफिसला माहीत असतंच असं नाही, तुम्ही माहिती ठेवा. दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम, २०१६ नुसार संस्थेला सोयी द्याव्याच लागतात. केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे लेखनिक घेणाऱ्या परीक्षार्थीला तासाला किमान २० मिनिटं जादा वेळ मिळतो, म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास. अर्ज परीक्षेच्या आठवड्यात करायचा नसतो, सेमिस्टर सुरू होताच करायला सांगा. आणि पाठ्यपुस्तक त्याला वाचता येईल अशा रूपात नफा न घेता करून देणं २०१२ च्या दुरुस्तीपासून कॉपीराइट कायद्यात बसतं. त्यामुळे पुस्तक स्कॅन करून त्याचं टेक्स्ट करून देताना दचकू नका.

भाषेबद्दल थोडंच. नवी मुंबईच्या वर्गात मराठीबरोबर हिंदी, तमिळ, गुजराती घरांतली मुलं असतात, त्यामुळे सगळं मराठीत हा उपाय होत नाही आणि सगळं इंग्रजीत हाही नाही. प्रत्येक संज्ञा पहिल्यांदा आली की फळ्यावर मराठी आणि इंग्रजी दोन्ही भाषांत लिहा आणि नोट्समध्येही तशीच ठेवा. भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश आणि मराठी विश्वकोश नेटवर फुकट आहेत. वर्गात उत्तर कुठल्याही भाषेत चालेल असं पहिल्याच दिवशी जाहीर करा. अभ्यासक्रम इंग्रजी माध्यमाचा असला तरी विद्यार्थ्यांना स्थानिक भाषेत उत्तरं लिहू द्यावीत असं यूजीसीनं २०२३ मध्ये विद्यापीठांना सांगितलं आहे. तुमच्या विषयाला प्रत्यक्षात काय चालतं ते परीक्षा विभागात विचारून मुलांना स्पष्ट सांगा. हे माहीत नसल्यामुळे कितीतरी मुलं मोडक्या इंग्रजीत पाठ केलेलं लिहून येतात.

आता वर्गाचं. हार्वर्डचे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक मेझर यांनी १९९० च्या दशकात एक पद्धत रुळवली, ती आपल्या शंभर-सव्वाशेच्या वर्गातही चालते आणि तिला खर्च शून्य आहे. मी ती कशी वापरतो ते एका उदाहरणानं सांगतो. मागणीचं प्रकरण चालू आहे. प्रश्न असा: वाशीच्या एपीएमसीत हापूसची आवक वाढली, पेटीचा भाव उतरला आणि लोक जास्त पेट्या नेऊ लागले. काय झालं? एक, मागणी वक्र उजवीकडे सरकला. दोन, वक्र जागच्या जागी आहे, आपण त्याच वक्रावर खाली आलो. तीन, वक्र डावीकडे सरकला. प्रश्न दोनदा मोठ्यानं वाचायचा. एक मिनिट कुणी कुणाशी बोलायचं नाही. मग ‘आता’ म्हटलं की प्रत्येकानं बोटं छातीशी धरून आपलं उत्तर दाखवायचं, म्हणजे मागच्याला दिसत नाही आणि हुशार पोराकडे बघून कुणी बदलत नाही. मी अंदाजे मोजतो आणि आकडे मोठ्यानं सांगतो, म्हणजे ज्याला दिसत नाही त्यालाही वर्गाचा कल कळतो.

पहिल्या फेरीत बहुतेकांचं एक बोट वर असतं. मी उत्तर सांगत नाही. शेजाऱ्याला पटवा, तीन मिनिटं, एवढंच सांगतो. त्या तीन मिनिटांत बाकांमधून फिरा आणि कान देऊन ऐका. ‘भाव उतरला म्हणून आईनं दोन डझन घेतले, म्हणजे मागणी वाढलीच ना?’ ‘अगं पण भाव परत चढला तर आई एकच डझन घेईल. तिचं मन कुठे बदललंय, भाव बदललाय.’ हे दुसरं वाक्य मी कितीही घसा फोडून सांगितलं असतं तरी इतकं नेमकं जमलं नसतं. नुकतंच ज्याला समजलंय त्याला नेमकं काय अडतं ते ताजं आठवत असतं, आपल्याला ते आठवेनासं झालेलं असतं. पुन्हा बोटं दाखवायला सांगितली की दोन बोटं, म्हणजे बरोबर उत्तर, दाखवणारे वाढलेले दिसतात. त्यावर लगेच दुसरा प्रश्न: अक्षय्य तृतीया तोंडावर आली, भाव तोच आहे, तरी जास्त पेट्या खपल्या, आता काय झालं? इथे वक्र खरोखर सरकतो, आणि दोन्हींतला फरक त्यांना आपणहून सापडतो.

प्रश्न निवडताना एक पथ्य पाळा. पहिल्या फेरीत साधारण तीस ते सत्तर टक्के बरोबर आले तरच चर्चा रंगते. त्याहून कमी आले तर थांबून पुन्हा समजवा, जास्त आले तर पुढे चला. लेक्चरला असे दोन प्रश्न पुष्कळ झाले. आणि तास सुरू होताना वह्या बंद ठेवून मागच्या तासातल्या दोन गोष्टी आठवून लिहायला लावा. पुन्हा पुन्हा वाचण्यापेक्षा आठवून लिहिल्यानं आठवड्यानंतर जास्त टिकतं, हे रोडिगर आणि कार्पिक यांनी २००६ मध्ये प्रयोगानं दाखवलं आहे.

स्टाफरूममध्ये कुणी विचारलं की यात पोर्शन कसा संपणार, तर हे सांगा. २०१४ मध्ये विज्ञान, अभियांत्रिकी आणि गणिताच्या वर्गांवरच्या २२५ अभ्यासांची एकत्र तपासणी झाली. नुसत्या व्याख्यानाच्या वर्गांत सरासरी ३३.८ टक्के नापास, मुलांना काम करायला लावणाऱ्या वर्गांत २१.८ टक्के. ते वर्ग अर्थशास्त्राचे नव्हते हे खरं, पण आलेख आणि गणित आपल्याकडेही तसंच अडतं. पोर्शनचं म्हणाल तर डिक्टेशन बंद झालं की जो वेळ सुटतो तो या सगळ्याला पुरून उरतो.

सुरुवातीला मुलंही कुरकुरतील की सर शिकवतच नाहीत, आम्हालाच बोलायला लावतात. २०१९ मध्ये हार्वर्डमध्येच केलेल्या एका प्रयोगात हे दिसलं: छान व्याख्यान ऐकलेल्यांना वाटलं आपण जास्त शिकलो, चाचणीत मात्र धडपडत प्रश्न सोडवणारे पुढे होते. हा प्रयोग पहिल्याच आठवड्यात वर्गाला सांगा. मुलं समजूतदार असतात, कारण कळलं की साथ देतात.

नोट्स दिल्या तर मुलं येणारच नाहीत, ही भीती मला पटत नाही. जे लेक्चर नोट्स वाचून पूर्ण भरून निघतं, त्याला मुलांनी का यावं? तासात असं काही घडलं पाहिजे जे कागदावर मिळत नाही. ७५ टक्क्यांचा नियम आणि डिफॉल्टर लिस्ट यांनी मुलं बाकावर बसतात, पण बाकावर बसलेलं मूल शिकतंच असं नाही.

स्वयम् आणि एनपीटीईएल या सरकारी ऑनलाइन मंचांवरचे कोर्स जरूर दाखवा, शिकायला पैसे लागत नाहीत. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलमध्ये लिब्रेऑफिस कॅल्क हे एक्सेलसारखं मोफत सॉफ्टवेअर मराठीतून शिकता येतं, बीकॉमच्या मुलांना नोकरीत असंच काम लागतं. पण आपल्या मुलाचा गोंधळ नेमका कुठे होतो हे त्या व्हिडिओला माहीत नसतं, तुम्हाला असतं.

शेवटी तुमच्या नोकरीच्या अनिश्चिततेबद्दल. हे सगळं कॉलेजच्या ईमेलवरच्या ड्राइव्हमध्ये ठेवू नका. तुम्ही गेलात की ते खातं बंद होईल आणि त्याबरोबर मुलांच्या लिंकही. स्वतःच्या खात्यावर ठेवा आणि एक प्रत इंटरनेट आर्काइव्ह या मोफत साइटवर चढवा, लॉगिन न करता उघडेल अशी. पहिल्या पानावर आपलं नाव लिहा आणि खाली ‘क्रिएटिव्ह कॉमन्स बाय-एसए ४.०’ अशी ओळ टाका. म्हणजे कुणीही ते वापरू शकतो, बदलू शकतो, फक्त तुमचं नाव द्यायचं आणि पुढचंही तसंच खुलं ठेवायचं. पुस्तकांतले उतारे मात्र त्यात घालू नका. वर्गापुरत्या प्रती काढणं वेगळं, ते नेटवर जगासाठी टाकणं वेगळं. आपल्या शब्दांत लिहा, उदाहरणं आपल्या भागातली घ्या. तुमच्या जागी येणाऱ्या शिक्षकाला तयार पाया मिळेल आणि तुम्ही दुसऱ्या कॉलेजात गेलात तरी तुमचं काम तुमच्यासोबत येईल.

पूर्ण सेमिस्टरचं एकदम करायला जाऊ नका, दमाल. मागणी आणि पुरवठा ही दोन प्रकरणं या सत्रात करा, बाकीचं नेहमीसारखं शिकवा. हापूसचा प्रश्न वर आहे तसाच उचला, विचारायची गरज नाही. तो वर्गात घेतलात की दोन्ही फेऱ्यांचे आकडे आणि मुलं एकमेकांना काय पटवत होती ते इथे कमेंटमध्ये लिहा. पुरवठ्यावरचे माझे प्रश्न मी टाइप करतोय, तेही इथेच देतो.