छोट्या म्युझिक प्लेअरसाठी कमी खर्चात चांगले हेडफोन कसे निवडावेत?

तुमच्याकडे खिशात मावणारा साधा म्युझिक प्लेअर आहे, त्यासोबत मिळालेल्या इअरफोनचा आवाज पातळ आणि कर्कश लागतो, आणि फार खर्च न करता त्याहून चांगले काहीतरी घ्यावे असे तुम्हाला वाटते. एका परिचिताने मात्र स्टुडिओत वापरतात तसले मोठे हेडफोन आणि सोबत वेगळा अ‍ॅम्प्लिफायर घ्या असे सुचवले आहे, त्यामुळे तुम्ही पेचात पडला आहात. माझे मत आधीच सांगतो: तुमच्या वापरासाठी तो सल्ला योग्य नाही. पैसे मर्यादित असताना हेडफोन कानात नीट बसणे आणि ते तुमच्या प्लेअरला पेलवणे या दोन गोष्टींवर आवाजाचा दर्जा जितका अवलंबून असतो, तितका तो किमतीवर किंवा खोक्यावर छापलेल्या आकड्यांवर अवलंबून नसतो.

काहीही विकत घेण्याआधी सध्याच्या इअरफोनची एक परीक्षा करून पाहा. डग्ग्याची घुमक किंवा बास गिटार ठळक ऐकू येते असे एखादे ध्वनिमुद्रण लावा आणि ते चालू असताना दोन्ही इअरफोन बोटांनी हलकेच कानात दाबून धरा. दाबल्याबरोबर खर्जाचा भाग भरून आला आणि बोटे काढताच तो पुन्हा ओसरला, तर दोष इअरफोनच्या आतल्या यंत्रणेत नसून टीप, म्हणजे इअरफोनच्या टोकावरची मऊ टोपी, आणि कान यांच्यामध्ये राहिलेल्या फटीत आहे. कानाच्या नळीत कोंडलेल्या हवेवर दाब निर्माण झाला तरच खालचे स्वर आपल्यापर्यंत पोहोचतात. फट राहिली की तो दाब निसटून जातो, वरच्या स्वरांचे मात्र फारसे काही बिघडत नाही, आणि मग नेमका तुम्ही वर्णन केला आहे तसा पातळ, कर्कश आवाज उरतो. यावर उपाय स्वस्त आहे. खोक्यात आलेल्या सगळ्या आकारांच्या सिलिकॉन टिपा एकेक करून बसवून पाहा, आणि दोन्ही कानांना एकच आकार लागेल असे गृहीत धरू नका. माझ्या उजव्या कानाला मधला आकार बसतो आणि डाव्याला मोठा लागतो. हे लक्षात येईपर्यंत मी डावीकडचा आवाज कमी येतो म्हणून दोन जोड बदलले होते. इअरफोन घालताना दुसऱ्या हाताने कानाची पाळी किंचित वर आणि मागे ओढली, तर नळी सरळ होऊन टीप नीट आत बसते. सिलिकॉन कशानेच बसत नसेल, तर फोमच्या टिपा वेगळ्या मिळतात. त्या चिमटीत दाबून बारीक करायच्या, कानात घालायच्या आणि त्या फुगून कानाचा आकार घेईपर्यंत काही क्षण तशाच धरून ठेवायच्या. एवढे करूनही आवाजाने समाधान झाले नाही, तरच खरेदीचा विचार करावा.

खरेदीत पहिला निर्णय हेडफोन कोठे वापरणार याचा आहे. बस, रेल्वे किंवा गजबजलेली खोली हे तुमचे ऐकण्याचे ठिकाण असेल, तर कानाच्या नळीत बसणारे इअरफोन हाच मला सर्वांत शहाणपणाचा पर्याय वाटतो, कारण ते बाहेरचा गोंगाट कोणत्याही बॅटरीशिवाय अडवतात. गोंगाट अडला नाही की माणूस नकळत आवाज वाढवत जातो, आणि तेथे कानाचे नुकसान सुरू होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषानुसार प्रौढ व्यक्तीसाठी ८० डेसिबल इतका आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत सुरक्षित मानला जातो, आणि त्यापुढे दर ३ डेसिबलला ही मुदत निम्मी होते, म्हणजे ८३ डेसिबलला २० तास आणि ८६ डेसिबलला १० तास. बॅटरीवर चालून गोंगाट कापणारे हेडफोन प्रवासात सुखाचे असतात हे खरे, पण कमी किमतीच्या जोडात त्या सोयीवर झालेला खर्च बहुधा आवाजाच्या दर्जातून वळता केलेला असतो.

तुम्ही मुख्यतः शांत खोलीत ऐकत असाल, तर मात्र मागची बाजू उघडी असलेले हलके हेडफोन अवश्य ऐकून पाहा. त्यांतून आवाज दोन्ही दिशांना गळतो, शेजारी बसलेल्याला तुमचे गाणे ऐकू जाते आणि त्याचे बोलणे तुम्हाला. परंतु या मोकळेपणामुळे गाणे डोक्याच्या आत कोंडल्यासारखे न वाटता आजूबाजूला पसरल्यासारखे वाटते, आणि कमी किमतीत हे सुख दुसऱ्या कोणत्याही प्रकारात मिळत नाही. कॉस कंपनीचा पोर्टा प्रो हा या जातीचा जुना नमुना आहे. १९८४ मध्ये, खिशातल्या कॅसेट प्लेअरच्या काळात, तो बाजारात आला आणि आजही विकला जातो. त्याचा इम्पीडन्स, म्हणजे विजेच्या प्रवाहाला होणारा विरोध, ६० ओहम असून छोटा प्लेअर तो सहज चालवतो. दिसायला तो नाजूक आणि जुनाट वाटतो, त्याची धातूची पट्टी केसांत अडकते, तरीही माझ्या कानाला त्याचा आवाज त्याच्याहून पुष्कळ महाग असलेल्या कित्येक जोडांपेक्षा अधिक जिवंत वाटला आहे.

आता प्लेअरला काय पेलवते ते पाहू, कारण तुमच्या परिचिताचा सल्ला येथेच चुकतो. हेडफोनच्या माहितीपत्रकात दोन आकडे खरोखर उपयोगाचे असतात: एक ओहममध्ये दिलेला इम्पीडन्स, आणि दुसरा डेसिबलमध्ये दिलेली सेन्सिटिव्हिटी, म्हणजे ठरावीक शक्ती दिल्यावर किती मोठा आवाज निघतो तो आकडा. छोटे प्लेअर साधारणपणे अर्धा ते एक व्होल्ट एवढेच देऊ शकतात. अर्धा व्होल्ट धरला आणि व्होल्टच्या वर्गाला ओहमने भागले, तर ३२ ओहमच्या हेडफोनला जवळजवळ ८ मिलिवॅट मिळतात आणि २५० ओहमच्या हेडफोनला अवघा १ मिलिवॅट. पहिल्याची सेन्सिटिव्हिटी १ मिलिवॅटला १०० डेसिबल असेल, तर तो सुमारे १०९ डेसिबलपर्यंत पोहोचतो, आणि हे गरजेपेक्षा खूपच जास्त आहे. दुसऱ्याची सेन्सिटिव्हिटी ९६ डेसिबल असेल, तर प्लेअरचा आवाज पूर्ण वाढवूनही तो ९६ च्या पुढे जात नाही. हा आकडाही मोठाच वाटेल, पण तो ध्वनिमुद्रणातल्या सर्वांत जोरकस क्षणाचा आहे. जेथे हळुवार आणि जोरकस यांतले अंतर राखलेले असते अशा संगीतात सरासरी पातळी त्याहून १५ ते २० डेसिबलनी खाली असते, आणि मग त्यातले हळुवार भाग प्रवासाच्या गोंगाटात बुडून जातात.

ही चूक मी स्वतः केली आहे. फार वर्षांपूर्वी कौतुक वाचून मी २५० ओहमचे हेडफोन घेतले, घरी येऊन ते प्लेअरला लावले आणि आवाज शेवटच्या रेघेपर्यंत नेला. तबला कसाबसा ऐकू आला, पण सुरुवातीचा आलाप पलीकडच्या खोलीतून आल्यासारखा वाटला. मग अ‍ॅम्प्लिफायर आणला, तो प्लेअरला रबरबँडने बांधून खिशात घालू लागलो, त्याची बॅटरी वेगळी चार्ज करू लागलो, आणि महिन्याभरात ते सगळे कायमचे टेबलावर गेले. ज्या कामासाठी हेडफोन घेतले होते ते काम त्यांनी कधीच केले नाही. म्हणून प्लेअरसाठी १६ ते ६० ओहमच्या दरम्यानचे आणि १ मिलिवॅटला निदान ९८ ते १०० डेसिबल देणारे हेडफोन घ्यावेत. वेगळ्या अ‍ॅम्प्लिफायरचा खर्च त्यामुळे आपोआप वाचतो.

या आकड्यांबाबत दोन सावधगिरीच्या गोष्टी आहेत. काही कंपन्या सेन्सिटिव्हिटी मिलिवॅटऐवजी एका व्होल्टला देतात आणि तो आकडा साहजिकच मोठा दिसतो. ३२ ओहमच्या हेडफोनच्या बाबतीत दोहोंमध्ये तब्बल १५ डेसिबलचे अंतर पडते, म्हणून तुलना करताना मापन कशाच्या आधारे दिले आहे ते आधी वाचा. दुसरे असे की एकाच नावाचे हेडफोन वेगवेगळ्या इम्पीडन्सचे असू शकतात. बायरडायनॅमिकचा डीटी ७७० प्रो ३२, ८० आणि २५० ओहम अशा तीन प्रकारांत मिळतो, आणि तुम्हाला त्यांतला पहिलाच चालेल.

खोक्यावरचे बाकीचे आकडे मी वाचतही नाही. ‘५ ते ४०,००० हर्ट्झ’ असे लिहिलेले असते, पण त्या कक्षेत आवाज किती सपाट किंवा वेडावाकडा आहे ते सांगितले नसेल तर त्या ओळीला काही अर्थ नाही, शिवाय निरोगी तरुण कानालाही सुमारे २०,००० हर्ट्झच्या वर ऐकू येत नाही. ड्रायव्हर, म्हणजे आवाज निर्माण करणारा आतला चिमुकला स्पीकर, किती मिलिमीटरचा आहे किंवा एका कानात किती ड्रायव्हर आहेत यावरूनही दर्जा ठरत नाही. उलट अनेक बॅलन्स्ड आर्मेचर ड्रायव्हर (चुंबकांमध्ये हलणाऱ्या बारीक पट्टीवर चालणारा प्रकार) असलेल्या इअरफोनचा इम्पीडन्स स्वरागणिक बदलत असल्यामुळे, ज्या प्लेअरचा स्वतःचा आउटपुट इम्पीडन्स, म्हणजे त्याच्याच आतून होणारा विरोध, जास्त आहे त्यावर त्यांचा आवाज बदललेला ऐकू येतो. एकच चांगला डायनॅमिक ड्रायव्हर, म्हणजे साध्या स्पीकरसारखा पडदा आणि तारेचे वेटोळे असलेला प्रकार, असलेला इअरफोन या बाबतीत बिनघोर असतो.

किमतीविषयी एक गोष्ट मला मोलाची वाटते. ध्वनिसंशोधक जेरोन ब्रेबार्ट यांनी २०१७ मध्ये २८३ हेडफोनची मोजमापे त्यांच्या किमतींशी ताडून पाहिली, तेव्हा फ्रीक्वेन्सी रिस्पॉन्स, म्हणजे कोणता स्वर किती जोराने ऐकू येतो त्याचा आलेख, आणि किंमत यांच्यात संबंध आढळला नाही. महाग जोडात बांधणी, साहित्य, आराम यांचा फायदा असू शकतो, पण सुरेल समतोल हा काही पैशांच्या प्रमाणात मिळत नाही, आणि कमी पैसे असलेल्या माणसाला याहून दिलासा देणारी दुसरी गोष्ट नसेल. संशोधक शॉन ऑलिव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हरमन या ध्वनिसाधने बनवणाऱ्या कंपनीत केलेल्या प्रयोगांत, कोणता हेडफोन वाजतो आहे हे श्रोत्यांना कळू न देता ऐकवले असता, बहुतेकांची पसंती चांगल्या खोलीतल्या चांगल्या स्पीकरसारख्या समतोलाकडे झुकली. अनेक परीक्षक आता हेडफोनचा आलेख याच पसंतीवरून काढलेल्या अपेक्षित रेषेसोबत छापतात. तो पाहताना ५,००० ते ९,००० हर्ट्झच्या पट्ट्यात उंच सुळका दिसला, तर गायकाचे ‘स’ आणि ‘श’ कानाला टोचतील असे समजावे.

किरकोळ दोष प्लेअरमधल्या इक्वलायझरने सुधारता येतात. मात्र हवा तो पट्टा वाढवण्यापेक्षा नको तो कमी करावा, कारण वाढवण्याच्या नादात आवाज फाटतो. तुमचा जुना प्लेअर रॉकबॉक्स या मोफत प्रणालीवर चालू शकत असेल, तर तीत पॅरामेट्रिक इक्वलायझर, म्हणजे हवा तो पट्टा नेमका निवडू देणारा इक्वलायझर, मिळतो आणि नेमका तोच सुळका छाटता येतो.

वायर काढून बदलता येईल असा जोड मिळाला, तर थोडे जास्त पैसे देण्यास हरकत नाही. प्लेअरला लावलेले हेडफोन बहुतेक वेळा ड्रायव्हर बिघडून मरत नाहीत, तर पिनेच्या मुळाशी खिशात रोज वाकून वायर आतून तुटते, आधी एका बाजूचा आवाज येतो-जातो आणि मग कायमचा जातो. याच कारणासाठी स्टुडिओतले काही उत्तम हेडफोन खिशाला सोयीचे नसतात. सोनीचा एमडीआर ७५०६ हा १९९१ पासूनचा, ६३ ओहमचा हेडफोन प्लेअरवरही छान वाजतो, पण त्याची स्प्रिंगसारखी जड वायर चालताना ओढ देते आणि ती वेगळी काढता येत नाही. ऑडिओ-टेक्निकाच्या एटीएच-एम४०एक्स या ३५ ओहमच्या हेडफोनची वायर मात्र काढता येते.

दोन जोड ऐकून निवडायचे असतील, तर आधी दोन्हींचा आवाज कानाला शक्य तितका सारखा करून घ्या, कारण जो किंचित मोठा वाजतो तोच अधिक चांगला वाटण्याची फसगत सगळ्यांचीच होते. तुम्हाला पाठ असलेली दोन-तीन ध्वनिमुद्रणे लावा, त्यांत एखादा एकट्या माणसाचा स्वर असावा, आणि तो स्वर बरोबर मधोमध ऐकू येतो का ते पाहा. तो एका बाजूला झुकत असेल, तर जोडाचे दोन्ही ड्रायव्हर सारखे नाहीत. चष्मा वापरत असाल, तर तो घालूनच ऐका, कारण त्याच्या काड्यांमुळे गादी कानापासून उचलली जाते आणि तीच फट पुन्हा खर्ज पळवते. घरी आणल्यावर पहिल्याच दिवशी सलग एक तास ते घालून बसा. कानाची पाळी किंवा जबड्याचा सांधा दुखू लागला, तर आवाज कितीही आवडला तरी परत करण्याची मुदत संपायच्या आत ते परत करा.