बर्फ पडणाऱ्या छोट्या शहरात रस्ते आणि भुयारी गटारं एकच खातं कसं सांभाळतं?

तुम्ही विचारलंय, की अमेरिकेच्या उत्तरेकडच्या लहान गावांत बर्फ काढणारी आणि गटारं साफ करणारी माणसं बहुतेकदा तीच असतात, तर ती हिवाळ्यात नेमकं काय करतात आणि काय बिघडतं. मिनेसोटातलं डलुथ डोळ्यांपुढे ठेवून सांगतो. वस्ती सुमारे ८६ हजार, म्हणजे आपल्याकडच्या ब वर्ग नगरपरिषदेएवढी. सुपीरिअर सरोवराच्या काठावरून सरळ चढत जाणारे रस्ते. २०२२-२३ च्या हिवाळ्यात तिथे ३५५ सेंटिमीटरच्या आसपास बर्फ पडला, तो शहराचा विक्रम आहे. कामाची पद्धत दहा हजार वस्तीच्या गावातही हीच, फक्त गाड्या कमी.

आधी रस्ता. निर्णय हवेच्या तापमानावर घ्यायचा नाही, रस्त्याच्या पृष्ठभागाच्या तापमानावर घ्यायचा. त्यासाठी गाडीवर इन्फ्रारेड सेन्सर असतो. कारण साधं आहे. एक किलो मीठ उणे १ अंशाला जवळपास ४६ किलो बर्फ वितळवतं, उणे ७ ला साडेआठ किलो आणि उणे १२ ला जेमतेम पाच किलो. उणे ९ च्या खाली नुसतं मीठ ओतत राहणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. तिथे मिठाला कॅल्शियम क्लोराइडची जोड द्यावी लागते, किंवा वितळवण्याचा नाद सोडून पकड मिळावी म्हणून वाळू टाकायची.

बर्फ पडायच्या आधी कोरड्या रस्त्यावर मिठाचं पाणी मारून ठेवणं सगळ्यात स्वस्त पडतं. प्रमाण २३.३ टक्के: हजार लिटर पाण्याला साधारण ३०० किलो मीठ. हायड्रोमीटरवर घनता १.१८ च्या आसपास आली पाहिजे. या प्रमाणाला ते उणे २१ अंशांपर्यंत गोठत नाही. मीठ कमी पडलं तर लवकर गोठतं, आणि जास्त झालं तरी लवकरच गोठतं, हे नव्या माणसाला पटत नाही. एका लेनच्या एका किलोमीटरला ७० ते १२० लिटर पुरतं. फवारा नको, बारीक धारा हव्यात, म्हणजे दोन धारांमध्ये कोरडी पट्टी राहते आणि चाकांना पकड मिळते. पुढे पाऊस येणार असेल तर मारू नका, धुऊन जातं. कडाक्याच्या थंडीत भुरभुरीत बर्फ वाऱ्याने उडत असेल तरी मारू नका; एरवी रस्त्यावरून निघून गेला असता तो बर्फ ओल्या रस्त्याला चिकटून बसतो.

बर्फ पडायला लागला, की आधी प्लाऊ (गाडीपुढे लावलेलं बर्फ ढकलणारं पातं), मग मीठ. दाबून बसलेल्या थरावर मीठ टाकलं तर पुढची फेरी तेच मीठ खरवडून कडेला नेते. कोरडं मीठ उसळून जवळजवळ तीस टक्के रस्त्याबाहेर जातं, म्हणून टाकतानाच टनाला ३५-४० लिटर खारं पाणी शिंपडतात आणि वेग ताशी ४० किलोमीटरच्या आत ठेवतात. हंगामापूर्वी प्रत्येक गाडीचं माप घ्या: मीठ सोडणाऱ्या दाराच्या प्रत्येक खाचेला एक मिनिट मीठ ताडपत्रीवर पडू द्यायचं, वजन करायचं आणि त्यावरून ठरलेल्या वेगाला किलोमीटरमागे किती पडेल तो तक्ता गाडीत चिकटवायचा. हे कंटाळवाणं काम टाळणारे लोकच पुढे फेब्रुवारीत मीठ संपलं म्हणून ओरडतात.

वाळूचं वेगळं. चढाच्या रस्त्यावर उणे २० मध्ये तिच्याशिवाय पर्याय नाही, पण ती वितळत नाही, कुठे जातही नाही. टाकलेली प्रत्येक पाटी एप्रिलमध्ये झाडून तरी काढावी लागते, नाहीतर ती पावसाळी गटाराच्या चेंबरच्या तळात जाऊन बसते. तळ निम्मा भरला की व्हॅक्यूमची गाडी लावायचीच. त्याच्या वर गाळ गेला की तो पाइपात शिरतो. ढिगातली वाळू गोठून दगड होऊ नये म्हणून तिच्यात ५ ते १० टक्के मीठ मिसळतात.

रस्ता आणि गटार यांची गाठ पडते ती मॅनहोलच्या झाकणापाशी. जमीन गोठून फुगते, चौकट वर येते, आणि प्लाऊचं पातं तिला अडकून झाकण उडवतं. मागे उरतो उघडा खड्डा, त्यावर ताजा बर्फ. म्हणून डांबरीकरणाच्या वेळीच चौकट रस्त्याच्या पातळीपेक्षा सुमारे ६ मिलिमीटर खाली बसवायची, आणि वर आलेल्या चौकटींची यादी प्रत्येक चालकाकडे द्यायची. बर्फाचे ढीग पावसाळी गटाराच्या जाळीवर रचू नयेत हेही चालकालाच सांगावं लागतं, कारण मार्चमध्ये तीच जाळी वाफेच्या यंत्राने मोकळी करत बसावं लागतं.

आता मलवाहिनी. गल्लीतली सर्वात लहान वाहिनी २०० मिलिमीटरची, उतार निदान ०.४ टक्के, म्हणजे भरून वाहताना सेकंदाला ०.६ मीटर वेग मिळतो आणि गाळ बसत नाही. मॅनहोल १२० मीटरच्या आत. मैलापाणी घरातून कोमट येतं, म्हणून मुख्य वाहिनी सहसा गोठत नाही. गोठतात त्या कमी वापराच्या आणि मध्ये झोळ पडलेल्या घरजोडण्या, त्याही बर्फ काढलेल्या रस्त्याखाली, कारण बर्फाचं पांघरूण गेलं की थंडी जमिनीत आणखी खोल उतरते. गळका नळ किंवा हीटिंगच्या भट्टीतून ठिबकणारं पाणी इथे घात करतं: थेंब पाइपात पोचेपर्यंत गार होतो आणि थरावर थर चढतो.

जेटिंग, म्हणजे दाबाच्या पाण्याने वाहिनी धुणं, नेहमी खालच्या मॅनहोलमधून वरच्या दिशेने करायचं. मिनिटाला ३०० लिटर पाणी, दाब १७० बारपर्यंत. नोझल वर चढवायचं, मग सावकाश मागे ओढत गाळ खालच्या मॅनहोलमध्ये आणून शोषून घ्यायचा. उथळ जोडणीच्या घरांसमोर दाब कमी करा, नाहीतर कमोडातून पाणी थेट छतापर्यंत उडतं. आधी चिठ्ठ्या वाटून झाकणं खाली ठेवायला सांगितलेलं बरं. हिवाळ्यात फक्त तुंबलेल्या आणि नेहमी तुंबणाऱ्या जागाच घ्यायच्या. हॉटेलांच्या मागची चरबी थंडीत घट्ट होते. चरबीच्या टाकीत तेल आणि गाळ मिळून खोलीच्या २५ टक्के झाले की ती उपसून घ्यायची, हा नियम पाळून घेतला तर निम्मी कटकट मिटते. काम संपलं की गाडीतलं सगळं पाणी काढून नळ्यांत हवा मारायची. राहिलेलं पाणी रात्रीतून पंपाची बॉडी फोडतं. आणि रस्त्यावर सांडलेल्या पाण्यावर निघताना मीठ टाकायचं!

माणूस आत उतरवायचा नाही. उतरवावाच लागला तर आधी वायू मोजायचं मीटर आत सोडायचं: ऑक्सिजन १९.५ टक्क्यांच्या खाली, हायड्रोजन सल्फाइड १० पीपीएमच्या (दहा लाखांत दहा भाग) वर किंवा ज्वलनशील वायू स्फोटमर्यादेच्या १० टक्क्यांवर असेल तर कुणीही आत जात नाही.

मैलापाणी उपसणाऱ्या पंपिंग स्टेशनवर दोन पंप आलटून पालटून चालतात आणि पातळी फ्लोट, म्हणजे पाण्यावर तरंगणारा गोळा, सांगतो. फ्लोटला चरबी चढली की तो लटकून राहतो, म्हणून दर आठवड्याला धुवायचा. वादळात वीज गेली तर जनरेटर घेऊन जायचा रस्ता मोकळा हवा, तेव्हा स्टेशनकडे जाणारी गल्ली प्लाऊच्या पहिल्या फेरीत घालावीच लागते.

खरी परीक्षा बर्फ वितळताना. तळघरात झिरपणारं पाणी उपसणाऱ्या पंपाची बाहेर सोडलेली नळी थंडीत गोठते, म्हणून घरमालक तीच नळी तळघरातल्या मोरीत टाकतो, आणि स्वच्छ पाण्याचा लोंढा मलवाहिनीत येतो. काही शहरं हिवाळ्यापुरती तशी परवानगीही देतात. डलुथमध्ये ओव्हरफ्लो, म्हणजे वाहिनीत न मावलेलं मैलापाणी, सरोवरात जात होता. २००९ साली केंद्रीय पर्यावरण यंत्रणेशी न्यायालयीन तडजोड झाली आणि तो थांबवणं शहराला बंधनकारक झालं. पायाभोवतीच्या निचऱ्याच्या नळ्या मलवाहिनीपासून तोडणं हा त्यातला मोठा भाग.

असं पाणी कुठून येतं ते शोधायला मॅनहोलमध्ये पहाटे २ ते ४ च्या दरम्यान प्रवाह मोजा. त्या वेळी घरचा वापर नगण्य असतो, तरी वाहत असेल तर ते बाहेरचं पाणी. चुकीच्या जोडण्या धुराच्या चाचणीत सापडतात (वाहिनीत धूर सोडून तो कुठून बाहेर येतो ते पाहायचं), पण ती उन्हाळ्याच्या शेवटी, जमीन कोरडी असताना करायची; ओल्या किंवा गोठलेल्या मातीतून धूर वर येत नाही. आदल्या दिवशी तळघरातल्या मोऱ्यांत बादलीभर पाणी ओतायला सांगा, नाहीतर सुकलेल्या ट्रॅपमधून (मोरीखालची पाणी धरून ठेवणारी वाकडी नळी) धूर घरात जातो आणि अग्निशमन दलाची गाडी दारात येते.